दुसरा रणगाडा

“पाखराच्या भिंतीला भोक पडलं,” शरदिनीबाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख मुळीच नव्हतं.

मागच्या खोलीत चटईवर बसलेल्या त्यांच्या सुनेने, मालविकेने, मान वर केली नाही. तिच्या हातात व्हिडिओ गेमचा रिमोट होता आणि टीव्हीवर तिचा एकुलता एक पिवळा रणगाडा चौफेर गोळ्या झाडत होता. पडद्याच्या तळाशी विटांच्या कुंपणात एक इवलंसं पाखरू होतं. त्याला गोळी लागली की खेळ खलास, आणि पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरुवात. आत्ता तिसावी चालली होती. शेवटची. उत्तरेतल्या त्या तीर्थाच्या गावी, मंगला गौरीच्या गल्लीत, रोज बारा वाजता बिजली जायची आणि घड्याळात पावणेबारा वाजले होते.

मालविका बाजूला बसली होती. तिसरा दिवस. महिन्याचे हे तीन दिवस तिने मागच्या खोलीतून हलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, आणि तिने हात लावलेल्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. शेजारपाजारची मराठी घरं याबाबतीत केव्हाच ढिली पडली होती. शरदिनीबाईंचं घर काही ढिलं पडलं नव्हतं.

खेळ खरा त्यांच्या मुलाचा, सुमंतचा. बँकेत नोकरी, तिशी उलटलेली, पण खेळापुढे बसला की पाच वर्षांचा. पंच्याण्णव साली त्याने तो दालमंडीच्या बाजारातून आणला. समोरच्या खोलीत वडिलांकडे नागपूर-अमरावतीचे यजमान पूजेला येत. त्यांच्या कानी धडाडधूम पडायला नको, म्हणून तो मागच्या खोलीत लावला गेला. एरवी सुमंत बायकोला रिमोट म्हणून देत नसे. पण या तीन दिवसांत तिने एकदा सकाळी दोन्ही रिमोट हातात घेतले की संपलंच. प्लॅस्टिक विटाळतं की नाही, याबद्दल सासऱ्यांच्या पोथ्यांत काही सापडेना. शेवटी शरदिनीबाईंनीच निकाल दिला, की विटाळतं. सुमंत हात चोळत बसला आणि मालविका महिन्यागणिक तरबेज होत गेली.

काल संध्याकाळी तो दाराशी उभा राहून तिला हसत म्हणाला होता, “उद्याच्या दिवसात तिसावी पार करून दाखव. मी आईशी बोलतो. पुढच्या महिन्यापासून हे बाजूला बसणं बंद.”

पलीकडे वाती वळत बसलेल्या शरदिनीबाईंनी ते शब्दन् शब्द ऐकलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चौतीस वर्षं त्या याच खोलीत बसल्या होत्या, सोबतीला तांदळातले खडे. त्यांच्यासाठी कुणी कधी कसली पैज लावली नव्हती. आणि आता हा पोरगा घरचा रिवाज टीव्हीवरच्या रणगाड्यांवर लावतो! राग तर आलाच. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा हेवा जास्त वाटला.

म्हणून आज नैवेद्याचं वरण गॅसवर तसंच ठेवून त्या सोवळ्यात दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सून हरलेली त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती.

“उजवीकडून येतोय,” त्या म्हणाल्या. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. गेले चार महिने येता-जाता पाहून कोणता रणगाडा कुठून निघतो ते त्यांना पाठ झालं होतं. मालविका उजवीकडे वळली. शत्रूचा रणगाडा फुटला.

“आता डावीकडून दोन. अगं, डावीकडून! सुनाई नाही देत का तुला?”

“आई, मी एकटी कुठेकुठे पुरू?” मालविका रडकुंडीला आली. “एकाने पाखराजवळ थांबायला हवं हो!”

दुसरा रिमोट तिच्या गुडघ्याशी चटईवर पडला होता. त्याचं लाल बटण दाबलं की हिरवा रणगाडा निघे, हेही शरदिनीबाईंना ठाऊक होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी.

त्यांना काहीही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पाच मिनिटांत पाखरू मेलं असतं, नाहीतर बिजली गेली असती, आणि रिवाज सहीसलामत राहिला असता. उलट आत पाऊल टाकलं तर पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळा स्वयंपाक, आणि नैवेद्याला उशीर का झाला म्हणून विचारलं तर सांगायचं काय? त्यांनी उंबऱ्याच्या अलीकडे पाय घट्ट रोवले.

कुंपणाची आणखी एक वीट उडाली. मग दुसरी. पाखरू उघडं पडलं. मालविकेचा रणगाडा वर कुठेतरी दोघांच्या कचाट्यात सापडला होता आणि तिसरा शांतपणे, कसलीच घाई नसल्यासारखा, खाली उतरत होता.

चटई करकरली. मालविकेच्या खांद्याला रेशमी लुगडं घासलं. पडद्यावर पाखराच्या शेजारी एक हिरवा रणगाडा उभा राहिला.

“आई!” मालविका किंचाळलीच. “अहो, तुम्ही मला शिवलात!”

“शिवले तर शिवले,” शरदिनीबाई बटणावर अंगठा दाबत म्हणाल्या. “तू बिनधास्त बाहेर जा. पाखराजवळ मी बसते.”