गटारजीव

“गटारजीव दिसताच कप्तानानं नाक दाबलं,” सुखदेव खरातनं मोठ्यानं वाचलं आणि तो अडखळला. समोर त्याची आई, भागाबाई, मांडी घालून ऐकत होती. नगरपालिकेची गटारं तिनं तीस वर्षं उपसली होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी मुखपृष्ठावरचं लेकाचं नाव तिनं बोटानं चाचपून पाहिलं होतं.

टीव्हीवर गाजलेल्या अंतराळ मालिकेच्या भागांवरून तो खिशात मावतील अशा कादंबऱ्या लिहायचा. ही पाचवी, पण त्याचं नाव छापलेली पहिलीच. या भागात चिखलात राहणाऱ्या जीवांना कप्तान हसत हसत जाळून टाकतो. सुखदेवनं आधी त्या जीवांना बोलतं केलं होतं, कप्तानाला शरमेनं मान खाली घालायला लावली होती. प्रकाशकानं ती पानं परत केली. “खरातसाहेब, मालिकेत आहे तेवढंच लिहा. नाहीतर मुखपृष्ठावरचं नाव विसरा.” मग सुखदेवनं तसंच लिहून दिलं.

“थांबलास कशापायी? वाच की,” आई म्हणाली.

त्यानं वाचलं. ओंगळ, घाणेरडे, किळसवाणे, सगळे शब्द त्यानंच निवडलेले. शेवटचा जीव जळाला आणि यान उडालं.

आईनं अगदी साधेपणानं विचारलं, “मंग त्यांच्या त्या यानातली घाण कोण काढतं रे?”

ते शब्द लिहिणाऱ्या स्वतःच्याच हाताची सुखदेवला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सहाव्या कादंबरीसाठी मिळालेली मालिकेची संहिता प्रकाशकाच्या टेबलावर परत ठेवली. “हे माझ्याच्यानं व्हायचं नाही,” एवढंच बोलून तो जिना उतरला.