गुडघ्याचं औषध

दवाखाना बंद करायला सिस्टर उठली आणि नेमकं तेव्हाच पोरांचं ते लेंढार आत शिरलं. पुढे एक तरुण मुलगी, तिच्या कडेवर शेंबडं पोर. मागे तिच्या ओढणीचं टोक धरून एक, त्याच्यामागे भांडत आलेले दोघे, आणि ह्या सगळ्यांना हाकत आणणारी नऊ-दहा वर्षांची एक.

सिस्टर सकाळपासून उभी होती. पायांचे नुसते तुकडे पडले होते, आणि अशा वेळी जिभेला लगाम राहत नाही.

"अगं, ह्या वयात पाच? नवऱ्याला का नाही आणलंस? त्यालाही चार शब्द सुनावले असते."

"भावंडं आहेत माझी," मुलगी म्हणाली. रागावून नव्हे. रोज कुणी ना कुणी तिला हे ऐकवतच असणार.

सिस्टर ओशाळली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय! तिने मुलीला स्टुलावर बसवलं. ही सगळ्यांत थोरली, अठराची. आधी तिने धाकट्याच्या खोकल्याचं काढलं, मग कुणाच्या तरी खरजेचं. खोकला कुणालाच नव्हता.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," सिस्टर म्हणाली. "काय हवंय ते सांग."

थोरलीने पोरांना हाकत आणणाऱ्या मधलीला खूण केली. मधलीने बाकीच्यांना बाहेरच्या बाकावर नेलं. धाकटा तेवढा थोरलीच्या मांडीवर राहिला.

"पाळणा थांबवायच्या गोळ्या असतात ना, त्या चहात विरघळतात का?"

"कुणाच्या चहात?"

"आईच्या."

एरवी सिस्टर हसली असती. थोरली खाली मान घालून बोलत राहिली. मोठ्या रस्त्यावर शर्ट शिवायचा नवा कारखाना निघाला होता. तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं, राहायची खोलीही तिथेच, बाकीच्या मुलींबरोबर. "चौथ्याच्या वेळी माझी शाळा सुटली. पुढे दुकानात लागले होते, ते ह्याच्या वेळी सुटलं. आता परत काही झालं तर बाबा म्हणतील, थोरली आहे ना. थोरली काय, आहेच."

"आईला विचारलंस का?"

"विचारायला ती एकटी सापडायला हवी ना."

सिस्टरने भिंतीकडे पाहिलं. तिथल्या चित्रात हसरे आईबाप आणि त्यांची दोनच गुटगुटीत मुलं होती. त्या चित्राकडे बोट दाखवून बायकांना समजावण्यात तिची उमेद संपली होती. समजत सगळ्यांनाच होतं, फक्त घरी गेल्यावर त्यांना कुणी विचारत नव्हतं.

आणि खरी पंचाईत वेगळीच होती. कारखान्याचं ऐकताच सिस्टरला उमगलं होतं, हिची आई सकाळी ह्याच स्टुलावर बसून गेली होती. चौथा महिना. तपासून झाल्यावर ती आपणहून म्हणाली होती, "बाळंत झाले की लगेच ऑपरेशन करून टाका. ह्यांना काय सांगायचं ते मी बघते. पण सिस्टर, थोरलीच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला कारखान्यात लागू दे. कळलं तर ती घरातून पाय काढायची नाही." सिस्टरने शब्द दिला होता.

आता इकडे आड, तिकडे विहीर. सिस्टर उठली, कपाट उघडलं, कापसाचं बंडल इकडचं तिकडे केलं.

"असं चोरून कुणाला औषध द्यायचं नसतं," ती कपाटातच बघत म्हणाली. "तू सोमवारी जा. पुढचं पुढे."

थोरली हलली नाही. धाकट्याने तिची वेणी तोंडात घातली होती, तीही तिने सोडवली नाही.

"सकाळी आई इथेच आली होती ना? म्हणाली, गुडघ्याचं औषध आणायला जाते."

"हो, आली होती."

"ह्याच्या वेळेलाही तिचे गुडघेच दुखत होते."

सिस्टरने कपाट लावलं. किल्ली फिरवायला उगीचच वेळ लावला. पोरीला जवळ घ्यावं असं तिला फार वाटलं, पण तेवढंही बळ अंगात उरलं नव्हतं. ती परत खुर्चीत बसली.

"मला कळलंय, हे तिला सांगू नका," थोरली म्हणाली. "कळलं तर ती मला जा म्हणेल. तोंडाने म्हणेल. पण एकदा जरी माझ्याकडे बघितलं ना तिने, तर माझा पाय निघायचा नाही. आणि मला जायचंय, सिस्टर. खूप जायचंय."

"नाही सांगणार," सिस्टर म्हणाली.

थोरलीने मान हलवली, धाकट्याचं नाक पुसलं आणि ती बाहेर गेली. सिस्टरने दिवे मालवले, पिशवी उचलली आणि ती दाराशी आली. पोरं अजून बाकापाशीच होती. थोरलीने धाकट्याला मधलीच्या कडेवर दिलं होतं. मधली बिचारी दोन्ही हातांनी त्याला आवळून धरत होती, तरी ते पोर खाली सरकत होतं.

"अशी नाही गं. कंबर जरा बाहेर काढ," थोरली तिला सांगत होती. तिने मधलीचा डावा हात धरून पोराच्या पाठीमागून नीट घेतला, आणि उजवा सोडवून बाजूला केला. "हं, आता बघ. हा हात कामाला मोकळा राहतो."