मोजणीच्या गाडीचा ब्रेक

किमान तीन माणसं असलेल्या गाड्यांसाठीची 'तिघांची लेन' आता सगळ्या महामार्गावर पसरली होती. गाडीत तीन माणसं बसली की दार लागायचं आणि पुढे रस्ताच गाडी चालवायचा, ताशी एकशे दहाने. ब्रेक उरला होता तो फक्त इंदुमती खोब्रागडेंच्या मोजणीच्या गाडीला. लेनचा वेग आणि भरवसा, म्हणजे लेन किती न अडता चालते, ते मोजणं हे त्यांचं काम. नऊ वर्षं भरवशाचा आकडा शंभरात शंभर होता.

एकसष्टाव्या किलोमीटरला करंजखेडची माणसं म्हशी घेऊन रस्ता ओलांडायला ताटकळत उभी असायची. पूल मागितला की वरून ठरलेलं उत्तर यायचं: तिथे लेन कधी अडत नाही, मग पूल कशाला? लेन अडायची कशी? ही माणसं गाड्यांमध्ये फट मिळेपर्यंत मुकाट थांबायची.

आज त्यांच्यात दहावीच्या पेपरला निघालेल्या सहा मुली होत्या. अकराला शाळेचं फाटक बंद होणार होतं आणि पावणेअकरा वाजले होते.

इंदुमतींनी ब्रेक दाबला. रस्त्याने मागच्या साठ गाड्या एकामागे एक थांबवल्या.

"जा गं, निवांत जा," त्या काच खाली करून म्हणाल्या. "म्हशीही येऊ देत."

लगेच कंट्रोल रूममधून कुसरे साहेबांचा आवाज आला. "मॅडम, गाडी बिघडली का?"

"गाडी ठणठणीत आहे. मोजणी चालू आहे."

"आकडा एक्क्याऐंशीवर आलाय. कारणाच्या रकान्यात काय भरू?"

"माणसं," इंदुमती म्हणाल्या. "आणि परवाचाही रकाना आत्ताच भरून ठेवा. परवा गणिताचा पेपर आहे."