मनापासून आभार

हौसेने बनवलेलं तारीख निवडायचं कॅलेंडर त्याने सगळ्यांना फुकट वापरायला दिलं, आणि बघता बघता ते शेकडो वेबसाइटवर जाऊन बसलं. मग तक्रारींनी त्याचं डोकं उठवलं. एक अंध माणूस तर हात धुऊन मागे लागला होता, "स्क्रीन वाचून दाखवणारा माझा फोन तुमच्या कॅलेंडरपाशी मुका होतो हो!" वैतागून त्याने एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, लिहिला. तक्रार असो की कुणी पाठवलेली दुरुस्ती, महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही की बॉटने आभार मानून ती बंद करायची. कटकट मिटली. पुढे नव्या नोकरीच्या धबडग्यात त्याने बॉटसकट कॅलेंडरच दुसऱ्यांच्या गळ्यात मारलं.

यंदा आईची दृष्टी गेली. बोलणारा फोन ती जिद्दीने शिकली, पण दवाखान्याच्या वेबसाइटवर डॉक्टरांची वेळ घेताना अडली.

"अरे, तारखेपाशी आला की याची दातखीळच बसते बघ."

"राहू दे आई, मी घेतो वेळ."

"दर वेळी तूच का? माझं मला करू दे की!"

फोन हातात घेताच त्याने आपलं कॅलेंडर ओळखलं. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून त्याने दुरुस्ती लिहिली आणि नव्या मंडळींकडे पाठवली. आई रोज विचारायची, "आलं का रे उत्तर?"

 

महिन्याने आलं, त्याच्याच शब्दांत: "कुणाचाही प्रतिसाद नसल्याने हे बंद करत आहोत. सहकार्याबद्दल मनापासून आभार."