पन्नास उड्या

फळ्यावरचं गणित तिसऱ्यांदा चुकलं, तसे मास्तर खवळले. "हात पुढे कर!"

तिसरीतली ती पोर मुकाट चपला काढून फरशीवर पालथी पडली आणि तिने दोन्ही तळपाय वर केले.

गावच्याच चौकीतली वीस वर्षांची हवालदारकी सोडून पंचेचाळिशीत ते मास्तर झाले, ते मारहाणीला विटूनच. छडी नुसती धाकापुरती बाळगत. पण समोर तळपाय दिसले आणि हात आपोआप उठला. सपासप चार छड्या बसल्या. तळवे लालबुंद झाले.

पोर रडली नाही. उठली आणि जागच्या जागी उड्या मारू लागली.

"हे काय गं?"

"उड्या मारल्या की सूज येत नाही, गुरुजी. पप्पा मारून झालं की असंच करायला लावतात."

"त्यांना कुणी शिकवलं?"

"इथल्याच चौकीत. हवालदारानं त्यांना असंच फोडून काढलं होतं."

तो हवालदार कोण, हे विचारायची गरज नव्हती. मारानंतर मोजून पन्नास उड्या, ही पद्धत मास्तरांचीच.

छडी गळून पडली. पोर धापा टाकत म्हणाली, "पन्नास झाल्या, गुरुजी. थांबू?"