आईलाही बघायचंय

"सौंदर्याला सरहद्द नसते!" मामाने जाहीर केलं आणि फ्रिजला खांदा लावला. परदेशातल्या मॉडेलिंग एजन्सीला मुलगी कोऱ्या भिंतीसमोर उभी हवी होती, आणि घरातली एकुलती एक कोरी भिंत फ्रिजमागे होती.

फ्रिज सरकला. भिंतीवर तेलकट काळा चौकोन होता आणि त्याच्या मधोमध एक झुरळ, कधीचं कोण जाणे, वाळून चिकटलेलं. आईने ते सुरीने खरवडलं, ओलं फडकं फिरवलं. "आता दिसतेय का कोरी?"

"त्यांच्याकडे अंधार असेल," मामा म्हणाला.

मुलीने फोटो ढीगभर एजन्सींना पाठवले होते. उत्तर आलं ते या एकीचंच. हिने घेतलं तर महिन्याभरात विमान. नाही घेतलं, तर कपड्यांचं दुकान होतंच. तिथे तिच्या उंचीचा उपयोग वरच्या फळीवरची खोकी काढण्यापुरता व्हायचा.

स्टुलावरच्या लॅपटॉपमध्ये एजन्सीचे साहेब उगवले. ते उकडलेलं अंडं खात होते. त्यांची भाषा घरात फक्त मामाला यायची. मामाचं फरशांचं दुकान होतं, आणि भाषा तो कॅटलॉग वाचून शिकलेला.

"वळ म्हणतोय. आता डावी कड."

मुलगी वळली.

"दात."

तिने दात दाखवले. साहेबांनी हसून आपले दाखवले, पिवळ्या बलकासकट.

"तळवे. पाय उचल, खालून बघायचेत."

मग साहेब पुष्कळ बोलले. बोलता बोलता बलकाचा एक कण कॅमेऱ्यावर येऊन बसला. साहेबांनी तो बोटाने टिपला आणि खाल्ला.

"माल आवडलाय," मामाने सार सांगितलं आणि कानामागे खाजवलं. "फक्त... आईलाही बघायचंय म्हणतो."

आईने ओले हात अंगालाच पुसले, केस सारखे केले. "अगं बाई! काय बोलू रे मी त्यांच्याशी?"

"बोलायचं काही नाही, ताई. बाजूने उभी राहा."

"ती कशाला?" मुलीने विचारलं.

"पोरगी पुढे कितपत फुगेल ते आईवरून कळतं म्हणे. त्यात काय एवढं? आम्हीसुद्धा फरशी आधी पाण्यात घालून बघतोच की."

आई भिंतीशी जाऊन बाजूने उभी राहिली, तोंड कपाटाकडे करून.

"पोट, ताई, पोट!" मामा कुजबुजला.

आईने श्वास आत ओढला. पोट बरगड्यांखाली कुठेतरी नेऊन ठेवलं आणि कपाटाच्या मुठीवर नजर लावली.

साहेब पुढे झुकले. चावायचे थांबले. काहीतरी विचारलं.

मामा मुलीकडे न बघता म्हणाला, "कधीपासून अशा आहेत, विचारतोय."

"सांग त्याला, मी झाले तेव्हापासून," मुलगी म्हणाली.

मामाने सांगितलं नाही. तो नुसता हसला. साहेबही हसले. दोघांचं छान जमलं. साहेबांनी आईला वरपासून खालपर्यंत आणखी एकदा पाहिलं, मान डोलावली आणि मुलीकडे बघून अंगठा वर केला. पसंत. अंगठ्याला बलक लागलेला होता.

मामानेही आपला अंगठा वर केला.

मुलगी स्टुलापाशी गेली आणि तिने लॅपटॉप मिटला. सावकाश, कडेला धरून, बोटांना काही लागू नये अशा बेताने.

मामाचा अंगठा अजून वरच होता.

"अरे, कुणीतरी बोला ना," आई कपाटाकडे बघतच, अडकलेल्या आवाजात म्हणाली. "मी श्वास सोडू का?"