मॅचनंतरची सकाळ

आदर्शची फुटबॉलची मॅच असली की आईचं डोकं कधीच दुखत नसे. दुखायचं ते दुसऱ्या दिवशी. स्वप्नालीनं वर्षभर वहीत नोंदी ठेवून हे हेरलं होतं. डॉक्टरही म्हणाले होते, काळजी असेतोवर यांची अर्धशिशी दबा धरून बसते आणि जीव निवांत झाला की उठते. लेक मैदानावरून धडधाकट घरी आला, की सकाळी आई डोक्याला फडकं बांधून अंधार करून पडून राही.

काल आदर्श पेठेच्या संघाकडून फायनल खेळून आला. आज मात्र आई भल्या सकाळी भाकऱ्या थापत होती.

"औषध लागू पडलं की, शास्त्रज्ञबाई," अंघोळीला जाता जाता आदर्श म्हणाला. "मिटा आता ती वही."

स्वप्नालीनं वही मिटली नाही. न्हाणीचं दार लागल्यावर ती आईजवळ जाऊन बसली.

"आई, अजून कसला घोर लागलाय तुला?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"काल घरी आल्यापासनं त्यानं मला चारदा इचारलंय," ती हळूच म्हणाली, "मॅच कुणी जिंकली म्हणून."